आप्पांसाठी गाडीत गाणी

४ जानेवारी, रविवार

सकाळी सिदूचा फोन. सिदू म्हणजे आमच्या पक्षाचे तालुक्याचे पुढारी आश्रुबा आप्पा, त्यांचा उजवा हात. म्हणाला, आप्पांची गाडी गॅरेजला पडलीय. पुढच्या रविवारी धारूरला पक्षाची बैठक आहे. आप्पा तुमच्या गाडीतून जातो म्हणतायत.

मी शांतपणे "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि माझ्या शेती-औषधांच्या दुकानात गिऱ्हाईकानं हरभऱ्यावरचं औषध मागितलं तर त्याला फवारणीचा पंप काढून दिला.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तालुक्यात एवढ्या गाड्या. माझा साडू शिवशंकर, त्याच्याकडे तर मोठ्या स्क्रीनची नवी कोरी गाडी. तरी आप्पांनी माझी मागितली. पंचायत समितीची तिकिटं मुलाखतीत ठरत नाहीत, अशा प्रवासात ठरतात. आप्पा पुढच्या सीटवर, मी स्टेअरिंगवर, मागं मंद आवाजात जुन्या गवळणी. आप्पांना गवळणी लई आवडतात. शिवाय त्यांच्या मोबाईलचं चार्जिंग कायम संपलेलं असतं. मी सहज म्हणणार, "आप्पा, द्या इकडं, लावतो चार्जिंगला." काम झालं.

अडचण एकच. माझ्या गाडीच्या टेपला मोबाईल अजून जोडलेला नाही. (टेपच म्हणतो आम्ही. कॅसेट त्यात कुठंच जात नाही.)

बायको, रतन, म्हणाली, "शिवशंकर दाजींला इचारा की. त्यांच्या गाडीत बसलं की आपोआप गानी लागतेत."

संकल्प : साडूला विचारणार नाही. कुणालाच विचारणार नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस आहे मी. आठवडा पडलाय पुढं.

५ जानेवारी, सोमवार. दुपार

ब्लूटूथ. सोपं आहे.

गाडी मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याकडून घेतलेली. सीटला अजून फोडणीचा वास येतो. टेपचं माहितीपुस्तक मागितलं तर तो म्हणाला होता, भट्टी पेटवायला गेलं. हरकत नाही.

मोबाईलमध्ये "कार बीटी" असं नाव दिसलं. पिन मागितला. माझं जन्मसाल टाकलं. लग्नाचं साल टाकलं. दुकानाच्या लायसनचे शेवटचे आकडे टाकले. शेवटी रागानं शून्य दाबत सुटलो तर "कनेक्टेड" आलं. राग कामाला येतो कधीकधी.

गवळण लावली. मोबाईलमध्ये गाणं पुढं सरकतंय, गाडीत चिडीचूप. आवाज पूर्ण वाढवला. तरी चिडीचूप. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडं आरडाओरडा. शेजारचा आसाराम त्याच्या पिकअपमध्ये जेवण करून आडवा झाला होता. तो उघड्या अंगानं बाहेर पडून गाडीकडं बघत उभा होता आणि पिकअपमधून माझी गवळण गर्जत होती.

त्याच्या टेपचं नावही "कार बीटी"च आहे. सगळ्या स्वस्त टेपांना कंपन्या एकच नाव देतात म्हणे. यात माझा काय दोष?

निर्णय : ब्लूटूथवर भरवसा ठेवायचा नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते कुठंही जातं. वायर पाहिजे.

६ जानेवारी, मंगळवार

स्टँडवर जलालुद्दीनचं मोबाईलचं दुकान. जलालभाईचं एक बरं आहे, तो माझ्या कुठल्याही मताला हो म्हणतो. मी म्हणालो, वायरच पक्की. तो म्हणाला, "बराबर बोले शेठ, वायर म्हंजे वायर." दोन्हीकडं गोल पिन असलेली एक वायर घेतली, आणि लायटरच्या भोकात बसणारा एक चार्जर.

गोल पिन टेपमध्ये घातली. गाणं लागलं. मी एकटाच गाडीत बसून हसलो.

मग चार्जरही लावला आणि गाडी चालू केली. गाण्यातून "घूंऽऽ" असा आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की घूं वर चढतो, सोडला की खाली येतो. गवळणीतल्या राधेच्या मागं गांधीलमाशी लागल्यासारखं. चार्जर काढला की घूं बंद. म्हणजे एक तर गाणं, नाहीतर चार्जिंग.

जलालभाईला ऐकवलं. तो डोळे मिटून म्हणाला, "बेस हाय शेठ. भारी गाड्यांत आसंच येतं."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रतन दारातून म्हणाली, "चक्की चालू हाय का कुठं?"

७ जानेवारी, बुधवार

लायटरचा चार्जर बंद पडला. सारखा काढघाल केल्यानं फ्यूज उडाला असणार. फ्यूजची डबी उघडली. एकासारखे एक रंगीत दात. त्यातला एक काढून लायटरच्या जागी बसवला. चार्जर चालू. कुणाला एक शब्द न विचारता.

तो फ्यूज हॉर्नचा होता, हे बाजारात कळलं. बुधवारचा बाजार, रस्ता भरलेला. हॉर्न दाबतोय, काही नाही. शेवटी काच खाली करून "सरका, सरका" असं ओरडत स्टँडपर्यंत आलो. आमच्या दुकानाची छबूबाई, जी गोडाऊन झाडते, ती भाजी घेत होती. तिला वाटलं मी प्रचाराला सुरुवात केली. तिनं हात जोडले.

हे चांगलं लक्षण मानतो. हॉर्न पाहिजेच असं नाही. आवाज असलेल्या माणसाला हॉर्न लागत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

नवा शोध. टेपला यूएसबीचं तोंड आहे. एकाच वायरीतून गाणंही जाईल, चार्जिंगही होईल. घूं नाही, भानगड नाही. लायटर आप्पांच्या मोबाईलसाठी मोकळा. हे पहिल्या दिवशीच सुचलं होतं, फक्त मनात मागं पडलं होतं.

वायर लावली. टेपवर इंग्रजीत "नो फाईल". मोबाईलवर "हळू चार्ज होत आहे". जलालभाईकडं गेलो. ही वायर फक्त चार्जिंगची आहे म्हणे, गाण्याची वायर वेगळी. मी म्हणालो, दिसायला तर सारखीच आहे. "बराबर बोले शेठ, दिसायला सारखीच." दुसरी वायर घेतली.

ती लावल्यावर मोबाईलनं विचारलं, फाईली ट्रान्सफर करायच्या का? मी नाही म्हणालो. माझ्या फाईली ढाबेवाल्याच्या टेपला कशाला दाखवायच्या? परत "नो फाईल".

संध्याकाळी शिवशंकरचा फोन. म्हणाला, "काय शहादेवराव, आप्पा तुमच्या गाडीत म्हनं? टेपाचं काय आडलं आसंल तर सांगा, येतो की." कुणी सांगितलं याला? रतननं बहिणीला, बहिणीनं नवऱ्याला. घरातच गळती. मी म्हणालो, आमच्याकडं काही अडत नाही.

१० जानेवारी, शनिवार. सकाळ

जमलं. फाईली ट्रान्सफर करायला "हो" म्हणालो आणि गवळण चालू झाली. स्वच्छ. घूं नाही. वर चार्जिंगचं विजेचं चिन्ह.

रतनला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली, सीटवर बसली, दीड गवळण ऐकली. म्हणाली, "चांगलं वाजतंय." एवढंच म्हणाली, पण तिचा पाय ठेक्यावर हलत होता. मी पाहिलं.

वायर घाटात हिसका बसून निघू नये म्हणून टेपच्या तोंडाशी काळी चिकटपट्टी गुंडाळली. चांगली जाड. मोबाईल डॅशबोर्डला, त्यालाही पट्टी. आता आप्पाच काय, भूकंप आला तरी गाणं बंद पडणार नाही.

शिवशंकरला फोन करून सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

सविस्तर लिहितो. घाई करायची नाही. बैठक एकूण सकारात्मक झाली.

आप्पा वेळेवर आले. पुढं बसले. मागं सिदू. मी आप्पांचा मोबाईल मागून घेतला, लायटरला लावला. आप्पा म्हणाले, "वा." गवळण चालू झाली. आप्पांनी मान डोलावली, गुडघ्यावर बोटं वाजवली. दुसरी गवळण. आप्पा म्हणाले, "शहादेव, गाडी चांगली ठिवलीस." मी म्हणालो, "तुमचीच हाय." तिसऱ्या गवळणीला घाट लागला. हॉर्न नसल्यानं सिदू प्रत्येक वळणावर खिडकीतून डोकं काढून "हो, हो" असं ओरडत होता. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचा चेहरा तेवढा नीट नव्हता.

तिसरी गवळण संपली. गवळणी तीनच होत्या. मला वाटलं पुन्हा पहिली लागेल.

त्याऐवजी स्पीकरमधून माझाच आवाज आला. "आप्पाचं काय घिऊन बसलात शिवशंकरराव? आप्पा माझ्या शब्दाबाहेर न्हाई. मी बस म्हनलं की बसतेत."

टेप एक फोल्डर संपला की पुढचं फोल्डर लावतो. पुढच्या फोल्डरात माझे फोनवरचे कॉल होते. दोन वर्षांपूर्वी खताच्या एका होलसेलवाल्यानं शब्द फिरवला, तेव्हा मी मोबाईलमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय चालू केली होती. पुरावा राहतो म्हणून. ती बंद करायची राहून गेली.

आप्पा सीटवर जरा सरकून बसले.

मी वायरीला हात घातला. पट्टी निघेना. एका हातात स्टेअरिंग, समोरून उसाचा ट्रॅक्टर. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे, शहादेव. गवळनी रोजच ऐकतो मी."

पुढचा कॉल जलालभाईबरोबरचा. मी म्हणतोय, "म्हाताऱ्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. मी कायम डाव्या बाजूनंच बोलतो. काय चुकलं तरी कळत न्हाई त्याला."

आप्पा म्हणाले, "आवाज वाढव."

वाढवला. काय करणार?

मग रतनचा कॉल. तिचा आवाज गाडीभर. "आवो, तेंला तुमी नको, तुमची गाडी पायजे. तिकीट-बिकीट काय देत न्हाईत ते. तेंची गाडी नीट झाली की वळखसुद्धा देनार न्हाईत. येवढं कळंना का तुमाला?" मी म्हणतोय, "तुला राजकारनातलं काय कळतंय?" ती म्हणते, "बरं, ऱ्हाऊ द्या. येताना जिरं आना."

घाट संपेपर्यंत सिदूसुद्धा वळणावर ओरडायचं विसरला. धारूरचा किल्ला दिसायला लागल्यावर आप्पा म्हणाले, "वैनी कुठल्या?"

"पाटोद्याच्या," मी म्हणालो.

"हुशार हायत."

धारूरला उतरले. मोबाईल मागून घेतला, पूर्ण चार्ज झाला होता. म्हणाले, "येताना मी दुसऱ्या गाडीत येतो, तू जा." माझा परतीचा त्रास वाचवला.

थोडक्यात : आप्पांनी गाडीचं कौतुक केलं, घरच्यांची चौकशी केली, माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. एवढा वेळ त्यांनी आजपर्यंत कुणालाच दिलेला नाही. स्पष्टवक्ता माणूस मोठ्या नेत्यांना आवडतो.

१२ जानेवारी, सोमवार

रतनला सांगितलं, आप्पा तुला हुशार म्हणाले. आधी खूश झाली. मग विचारलं, त्यांना कसं कळलं? सांगावं लागलं.

ती चुलीपाशी जाऊन बसली. भाकरी थापत म्हणाली, "माझं बोलनं तुमी साठवून ठिवता?"

मी म्हणालो, पुरावा राहतो.

"कशाचा?"

म्हणालो, मोबाईल आपोआप करतो. भाकरी एका बाजूनं करपली. तिची कधी करपत नाही.

रेकॉर्डिंगची सोय बंद केली. माघार म्हणून नाही. मेमरी भरत होती.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

साडू आणि आक्का, म्हणजे रतनची थोरली बहीण, वाण घेऊन आले. तिळगूळ दिला-घेतला. शिवशंकर माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलला. सण आहे म्हणून असेल.

दुपारी दुकानातून घरी फोन केला. रतन आता फोनवर फक्त "हं" म्हणते. मी म्हणालो, रेकॉर्डिंग बंद केलंय. ती म्हणाली, "हं."

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी रतन आपणहून म्हणाली, "मला शेताकडं सोडा गाडीत." सोडलं. मोबाईल जोडायचा विसरलो. ती वाटेत बोलत होती. बोअरला पाणी कमी आलंय, हरभऱ्याला घाटे आलेत, तुम्ही आठवडाभर घरापेक्षा गाडीत जास्त बसलात. मी म्हणालो, कामासाठी. ती म्हणाली, "त्या शनवारी चांगलं वाजतंय म्हनलं ते गान्याला न्हाई. तुमी खूश दिसत व्हता, म्हनून." मग खाली उतरली, वांगी तोडायला लागली.

मी बांधावर थोडा वेळ उभा राहिलो. तिकीट जाहीर झालं की बोलेन सविस्तर.

१९ जानेवारी, सोमवार

उमेदवारांची यादी आली. आमच्या गणातून, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातून, शिवशंकर.

शिवशंकर. ज्यानं आयुष्यात एक भाषण केलेलं नाही. ज्याच्या गाडीत गाणी आपोआप लागतात.

आक्काचा रतनला फोन. रतन "अभिनंदन आक्का" म्हणाली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. चेहरा दिसू नये म्हणून असेल.

निर्णय : अपक्ष. मला कुणाची गरज नाही. जनता आहे.

२१ जानेवारी, बुधवार

अपक्ष फॉर्मवर सूचक म्हणून एक सही लागते. जलालभाईकडं गेलो. "बराबर बोले शेठ, आपक्षच पायजे," तो म्हणाला. "सही मात्र माझी नको. धंदा हाय." आसाराम पिकअपवाल्याकडं गेलो. तो अजून त्या दुपारचं धरून बसलाय. छबूबाई सही करायला तयार होती, पण तिचं नाव दुसऱ्या गणात.

घरी आलो. रतनला म्हणालो, तू कर सही. तिनं पेन घेतलं. फॉर्म नीट वाचला, एकेक ओळ. मग विचारलं, "सख्ख्या बहिनीच्या नवऱ्याच्या इरोधात मी सही करू? आनि तुमी निवडून येनार हायत का?"

मी म्हणालो, तो प्रश्न वेगळा आहे.

"मग जेवून घ्या," ती म्हणाली.

फॉर्म भरला नाही. हा पराभव नाही. ही संयमाची भूमिका आहे, आणि ती मी स्वतः घेतली.

२५ जानेवारी, रविवार

सिदूचा फोन. घ्यायचा नव्हता, पण त्यानं तीनदा केला. म्हणाला, प्रचाराला गाडी पाहिजे. शिवशंकररावांची नवी आहे, खडीच्या रस्त्यावर घालवत नाही त्यांना. "आप्पा म्हनले, गाडी शहादेवचीच बघा. आवाज लई क्लिअर हाय."

मी ठाम नकार दिला. सांगितलं, शहादेवची गाडी भाड्यानं मिळत नाही.

सिदू म्हणाला, "भाडं न्हाईच द्यायचं. बाजार समितीच्या वेळी आप्पांच्या ध्यानात ऱ्हाईल."

बाजार समिती.

हे वेगळं आहे. पंचायत समितीत काय ठेवलंय? खरी सत्ता बाजार समितीत. आप्पांचा हा लांबचा विचार माझ्या आधी लक्षात यायला पाहिजे होता. रतनला सांगितलं. ती म्हणाली, "गाडीतली माझी छत्री काढून आना."

२६ जानेवारी, सोमवार

सिदू सकाळी आला. मी गाडी धुऊन, पुसून, कपडे घालून तयार. पुढं कुठल्या गावातून सुरुवात करायची तेही ठरवून ठेवलं होतं. सिदूनं हात पुढं केला. "चावी." त्यांचा ड्रायव्हर सोबत आणला होता. मी म्हणालो, टेपची माहिती मलाच आहे. तो म्हणाला, आम्ही बघतो.

प्रचारासाठी सकाळीच पुन्हा पट्टीनं डॅशबोर्डला चिकटवलेला माझा मोबाईल सोडवायला वेळ लागला. पट्टीबरोबर प्लास्टिकचा एक तुकडाही निघाला. गाडी गेली.

हॉर्नचं सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही. पण फोन करूनही सांगणार नाही.

३० जानेवारी, शुक्रवार. दुपार

स्टँडवर जलालभाईच्या दुकानासमोर मोटारसायकल लावून उभा होतो. लांबून गाण्याचा आवाज आला. मग गाडी दिसली. माझी. टपावर भोंगे, पुढं झेंडा, बाजूला शिवशंकरचा हसरा फोटो. गर्दीजवळ येताच हॉर्न वाजला. म्हणजे तोही कुणीतरी नीट केला.

शिवशंकर पुढच्या सीटवर. काच खाली करून दोन्ही बाजूंना हात जोडत होता. माझ्याजवळ आल्यावरही जोडले. एवढ्या गर्दीत ओळखलं का नाही, कळलं नाही. मीही जोडले. सगळेच जोडत होते.

गाणं एकदम स्वच्छ वाजत होतं. घूं नाही, खरखर नाही. मधेच ते थांबलं, आतून बोलल्यासारखा उमेदवाराच्या नावाचा पुकारा झाला आणि गाणं पुन्हा तिथूनच सुरू झालं. हे असं करता येतं हे मला माहीत नव्हतं. शिवशंकरच्या हातात मोबाईल होता, त्याला वायरच नव्हती.

"बिनवायरीचं जोडलंय शेठ," जलालभाई म्हणाला. "कुनी केलं आसंल?"

मी म्हणालो, मला काय करायचंय.

विचारणार नाही.